पल्टनची जागा

दशरथ काकाजी सायकलवर बसून घरापर्यंत कधी आले नाहीत. भिलाईत पावर हाउस भागाच्या पुढे मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की पडावाचं मोकळं मैदान लागायचं. त्याच्या कडेला ते पायउतार होत, सायकल हातात धरून सगळं मैदान पायी ओलांडत आणि मग ती आपल्या दारात टेकवत. कारखान्यात कोक ओव्हनची, म्हणजे कोळशाच्या भट्टीची, पाळी करून आलेला माणूस, अंगभर काजळी, डोळे लाल, तरी हा नेम चुकत नसे. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, "काकाजी, बसून कावून नाही येत?" तर म्हणाले, "दुसऱ्याच्या अंगनातून कोनी सायकल चालवत जाते का, पोरी? पल्टनची जागा हाय ते."

पल्टन म्हणजे फौज. फौजा पायी चालत होत्या त्या काळी वाटेत त्यांच्या मुक्कामासाठी सरकारने जागोजाग जमिनी राखून ठेवल्या होत्या. सपाट मैदान, सावलीला झाडं, प्यायला विहीर. महसुली नोंदीत अशा जमिनीपुढे 'पडाव' असं लिहिलेलं असे. पुढे फौज रेल्वेने आणि ट्रकने जाऊ लागली, पडावाचं काम संपलं, पण नोंद तशीच राहिली. मग भिलाईचा कारखाना उभा राहिला. भंडारा-गोंदियाकडची शेतकऱ्यांची पोरं कामाला आली. जे पक्के झाले त्यांना टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळालं, आणि जे ठेकेदाराकडे राहिले त्यांनी जिथे जागा दिसली तिथे छप्पर टाकलं. काकाजी ठेकेदारीतले. त्यांचं छप्पर पडावाच्या कडेला पडलं.

तेव्हा गावच्या कोटवाराने, म्हणजे सरकारच्या वतीने गावावर नजर ठेवणाऱ्या चौकीदाराने, सगळ्यांना एकच अट घातली होती. कडेकडेने राहा, मधली जागा खुली सोडा, पल्टन आली तर तिला उतरायला पाहिजे. कोटवाराने ते आपल्या अंगावर काही येऊ नये म्हणून सांगितलं असणार. बाकीच्यांनी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. काकाजींनी मात्र तो हुकूम समजून गाठीला बांधला. कोटवार मेला, त्याच्या जागी आलेला पोरगा गाव सोडून गेला, गावसुद्धा शहरात विरघळलं, आणि त्या हुकमाची तामिली करणारा एकटा माणूस उरला.

माझे बाबा रेल्वेत होते. नोकरीत असतानाच त्यांनी पडावाला लागून असलेल्या गल्लीत घर घेतलं. आमचं घर रजिस्ट्रीचं, त्यामुळे आम्हाला उठवलं जाण्याची भीती नव्हती. दुसऱ्याला शहाणपण शिकवायला माणसाला तेवढं पुरतं. मीही काकाजींना पुष्कळ शिकवलं. ते ऐकून घेत, मान हलवत, आणि स्वतःचं तेच करत.

नवीन माणसाला ते माजी सैनिक वाटायचे. उंच, ताठ, केस बारीक कापलेले. पण त्यांच्या सात पिढ्यांत कोणी फौजेत नव्हतं. मी विचारलं तर हसून म्हणाले, "फौजेत जाले छाती लागते. आमची कोळशानंच भरली." मग मैदानाचा एवढा सोस का? तर, "ज्याच्या भरोशावर कडेला राहू देल्लं, त्याचं मधलं राखाव लागते." यापलीकडे त्यांचं तत्त्वज्ञान गेलं नाही.

मैदानासाठी त्यांचा कायदा अगदी सोपा होता. "जे उचलता येते ते मांडा. जे उचलता येत नाही ते नोका मांडू." पोरांनी क्रिकेट खेळावं, पण खेळ झाला की स्टंपच्या विटा उचलाव्यात. बायांनी पापड वाळत घालावेत. खाट टाका, चूल नको. कपड्यांसाठी झाडाला दोरी बांधा, खांब गाडू नका. कोणी खड्डा खणताना दिसला की काकाजी भांडत नसत, नुसते जाऊन शेजारी उभे राहत. तो माणूस कंटाळून खोरं टाकी, मग हे आपल्या हाताने माती सारखी करत. विहिरीतला गाळ दर उन्हाळ्यात काढत. दिवाळीला लोक आपल्या भिंती रंगवायचे, काकाजी हद्दीच्या दगडांना चुना लावायचे. काकी कपाळावर हात मारून घ्यायच्या. "घराची एक भीत दोन साल झाले उघडी हाय, आन् हे गोट्याले सजवून राहिले."

मी कॉलेजात असताना एकदा खरंच पल्टन आली. म्हणजे फौजेचा एक ट्रक रस्त्यावर बिघडला. हवालदाराने उतरून विचारलं, "चाचा, गाड़ी इधर लगा लें?" काकाजी दोन्ही हातांनी नुसतं या, या करत राहिले. ट्रक आत ढकलायला सगळ्यांच्या आधी त्यांनीच हात लावला. मग विहिरीचं पाणी काढलं, काकींनी चहा केला, जवान चिंचेखाली आडवे झाले. काकाजी सगळा वेळ उभे. "बसा ना हो," म्हटलं तर म्हणाले, "घरमालक आले असता कोनी बसते का?" संध्याकाळी मिस्त्री आला, ट्रक सुरू झाला. जाताना हवालदार म्हणाला, "जगह बढ़िया रखी है, चाचा." त्या एका वाक्यावर काकाजी पुढची कित्येक वर्षं जगले. त्यांच्या सांगण्यात त्या ट्रकचे हळूहळू चार ट्रक झाले आणि हवालदाराचा सुभेदार झाला. माझी आई म्हणायची, "एक टरक बिगडला आन् यायची जिंदगी सुदरली."

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. काकाजींचा एकुलता एक मुलगा विनोद लग्नाला आला तेव्हा गंमत संपली.

आपल्याकडे मांडव घालायचा तर पहिली मुहूर्तमेढ जमिनीत रोवावी लागते. पडावात जमीन खणायची नाही हा काकाजींचा कायदा. वस्तीतल्या लग्नांत मांडवाचे बांबू वाळूने भरलेल्या डब्यांत उभे करायची रीत त्यांनीच पाडली होती, पण मेढ तरी लोक चोरून रोवायचे आणि काकाजी तेवढ्यापुरते तोंड फिरवून उभे राहायचे. स्वतःच्या मुलाच्या वेळी त्यांना तोंड फिरवता येईना. विनोदची मुहूर्तमेढ तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून रोवली. हळदीच्या दिवशी वारा सुटला आणि डब्यासकट मेढ आडवी झाली. मुलीकडचे लोक गोंदियाचे. त्यांनी ते पाहिलं आणि एकमेकांकडे पाहिलं. विनोद पिवळ्या अंगाने उठला आणि त्याने ती मेढ परत उभी केली.

घर म्हणजे एक खोली आणि मागे स्वयंपाकाची पडवी. नवीन सून आली, झोपायचं कुठे? विनोदने दारासमोर, मैदानाच्या अगदी कडेला, एका खोलीचा पाया खणला. त्याचे सासरे मदतीला आले होते. काकाजी पाळीवरून आले, सायकल लावली आणि खोरं घेऊन पाया बुजवू लागले. सासरे म्हणाले, "पाहुणे, पोराची खोली हाय." काकाजी खाली मान घालून म्हणाले, "पोराची हाय म्हनूनच. दुसऱ्याले कोन्या तोंडानं आडवू मंग?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि खोरं चालूच होतं. हे मी आमच्या खिडकीतून पाहिलं आहे. महिनाभरात विनोदने वैशाली नगरात भाड्याची खोली घेतली. दिवाळीला यायचा, दारात उभ्या उभ्या पाया पडायचा, बापाशी 'हो-नाही'पलीकडे बोलायचा नाही.

पुढे सरकारी जमिनीवर घर करून राहिलेल्यांना पट्टे द्यायचं ठरलं. पट्टा म्हणजे राहण्याचा हक्क, कोणी उठवू शकत नाही. पटवारी वस्तीत येणार म्हटल्यावर काकाजी दारोदार फिरले आणि सगळ्यांना बजावून आले की खरं सांगायचं. पटवाऱ्याने विचारलं, "ज़मीन किसकी है?" लोक एका सुरात म्हणाले, "पल्टन की है, साहब." पटवाऱ्याने डोकं खाजवलं. फौजेची जमीन असेल तर राज्य सरकारला तिथे पट्टा देता येत नाही. सगळी वस्ती वगळली गेली. रेल्वे लाइनपलीकडची वस्ती साध्या सरकारी जमिनीवर होती. तिथल्यांना पट्टे मिळाले, त्यांनी विटांच्या भिंती घातल्या, आणि इकडे लोक काकाजींच्या दारात शिव्या द्यायला जमले. काकाजी म्हणाले, "मंग का खोटं सांगाचं होतं? उद्या मालकानं इचारलं तर का सांगान?" एक जण ओरडला, "तुमचा मालक येऊन का राहिला?"

त्यानंतर त्यांचा शब्द वस्तीत कोणी मानला नाही. मागच्या बाजूने लोक मैदानात सरकले. कोणी न्हाणी वाढवली, कोणी दुकान टाकलं. पुढचा अर्धा भाग, विहीर आणि चिंचा, तेवढं मात्र उघडं राहिलं, कारण तिथे काकाजींचं दार होतं. काकी गेल्या. काकाजींचं काम सुटलं. ते आणि ते अर्धं मैदान, दोघंच उरले.

शेवटी नोटीस लागली. पडावाची महसुली नोंद, म्हणजे 'मद', बदलायची आहे, कोणाची हरकत असेल तर तहसीलमध्ये येऊन सांगावी. काकाजी माझ्याकडे आले. तेव्हा मी सिविक सेंटरच्या एका बँकेत होते, एक दिवसाची रजा टाकली. विनोदलाही मीच फोन केला. वाटलं, इतक्या वर्षांनी तरी बापलेक एका बाजूला उभे राहतील. तो आला, पण दाराशीच भिंतीला टेकून उभा राहिला.

तहसीलदार तरुण बाई होत्या. त्यांनी काकाजींना खुर्ची दिली. काकाजी उभ्यानेच बोलले. जमीन सेनेची आहे, सेनेला न विचारता कशी देता? बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दादाजी, ज़मीन सेना की कभी थी ही नहीं. ज़मीन शासन की है. पड़ाव उसका मद है, मतलब किस काम के लिए रखी गई. वो मालिक का नाम नहीं है." सेनेकडे विचारणा केली होती. त्यांच्या दप्तरात ही जागाच नाही आणि त्यांना तिची गरजही नाही, असं उत्तर आलं होतं. आता वापर बदलणार. जिथे घरं आहेत तिथे पट्टे, आणि जो भाग रिकामा आहे तो सरकारी इमारतीला.

काकाजींना कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं. ते माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, "काकाजी, पाहुण्यासाठी ताट वाढून ठेवलं तरी ताट घरवाल्याचंच राहते. पाहुण्याचं नाही होत."

ते म्हणाले, "पन पाहुना येतवरी दुसऱ्यानं त्यात जेवू नाही ना."

"पाहुणा येणार नाही म्हणून त्यानंच कळवलं, काकाजी."

तेव्हा ते खुर्चीवर बसले.

तहसीलदार बाई वाईट नव्हत्या. त्यांनी पाहणीचा नकाशा पाहिला आणि आवाज जरा खाली आणला. "दादाजी, आपके दरवाज़े के सामने का हिस्सा तो आप ही साफ़ रखते आए हैं. उतना आप अपनी बाड़ी बोल दीजिए. बाड़ी घर के साथ पट्टे में आ जाती है. मैं लिख लेती हूँ." बाडी म्हणजे घराला लागून भाजीपाल्याची कुंपण घातलेली जागा. छत्तीसगढमध्ये घर तिथे बाडी. एका खोलीपुरती जागा सहज निघाली असती. मी दाराकडे पाहिलं. विनोद भिंतीपासून सुटून सरळ उभा राहिला होता.

काकाजी मग मराठीतच म्हणाले, "बाडी नाही, बाई. बाडीत भाजी राहते. ते पडाव होय."

बाईंनी मला विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं. काकाजींनी मानेनेच नाही म्हटलं. मागे बसलेला कारकून बाबू हसला. मी दाराकडे पाहिलं तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

मला त्या क्षणी काकाजींचा अभिमान वाटला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला संताप आला. परतताना ऑटोत मी बोलायचं ते बोलले. एका शब्दाने विनोदची खोली झाली असती, तो परत आला असता, नातवंडं अंगाखांद्यावर खेळली असती. "कोनासाठी केलं हे काकाजी? ज्याच्यासाठी राखलं त्याला तर माहीतबी नाही."

ते म्हणाले, "तुह्यं खरं हाय."

"मग?"

"आज बाडी म्हनलो असतो, तर तवा त्याचा पाया कावून बुजवला?" मग म्हणाले, "पोरगा घरातून गेला त्या जागेपायी. ते माहीच होती म्हनून कसं सांगू?"

पावर हाउसला ऑटो थांबला, मी पैसे दिले.

पट्टे वाटले गेले. ज्यांनी मैदान खाल्लं होतं त्यांना खाल्लेल्या जागेसकट मिळाले. काकाजींना एक खोली आणि पडवी. लोक पेढे घेऊन आले, काकाजींनी खाल्ले. मग पुढच्या भागाला टिनाच्या पत्र्यांचा घेरा पडला. चिंचा तोडल्या, विहीर बुजवली, फाटक लावलं, एक पहारेकरी बसवला. इमारत काही उभी राहिली नाही. आत रानगवत वाढलं. काकाजींच्या दारापासून हात लांबवला तर पत्र्याला लागेल एवढी बोळ उरली. ते दारात बसून राहत. मी येता-जाता विचारायची, "का पाहून राहिले, काकाजी?" म्हणायचे, "टीन." चेष्टा करत होते की काय ते मला कधी कळलं नाही. कोळशाने भरलेली छाती त्याच वर्षी बोलू लागली.

ते गेले सकाळी. विनोद पोहोचला, बायको-मुलं आली. बांबू आणले, पण तिरडी बांधायची कुठे? बोळीत बांबू आडवासुद्धा होईना. लोक इकडेतिकडे पाहू लागले. टिनापलीकडे अख्खं मैदान पडलेलं. पहारेकऱ्याने ते ओळखलं, छत्तीसगढचाच साधा माणूस होता. त्याने फाटक उघडलं. "अंदर बाँध लो भैया. खाली तो पड़ा है, कौन देखने आता है." दोघांनी बांबू उचलून आत पाऊलही टाकलं.

विनोद म्हणाला, "राहू द्या. मालकाले न इचारता बाबाले जमनार नाही."

वस्तीतले एक म्हातारे त्याच्यावर चिडले. "आता का जमन् का नाही जमन्, पोरा? मानूस गेला."

विनोदने फाटकातून बांबू परत घेतले, खांद्यावर टाकले आणि बोळीतून मोठ्या रस्त्याकडे चालू लागला. बाकीचे मागे गेले. काकाजींना चौघांनी उचलून, अंग चोरत, त्या बोळीतून बाहेर आणलं. तिरडी रस्त्याच्या कडेला बांधली. ट्रक जात होते, धूळ उडत होती, विनोद खाली बसून सुतळीच्या गाठी मारत होता. पहारेकरी उघड्या फाटकात तसाच उभा होता, ते लावावं की नाही हे त्याला समजत नव्हतं.

त्या दिवशी मला बापाचाही राग आला आणि लेकाचाही, आणि रस्त्यावरच मी मोठ्याने रडले. विनोदने शेवटची गाठ मारली, मडकं हातात घेतलं आणि तो सगळ्यांच्या पुढे झाला.